इचलकरंजीला निघालेल्या पोरास

प्रिय बाळास,

सलाम. रविवारी जेवता जेवता उठून गेलास. नव्या चर्चसाठी गाळ्याची किल्ली मिळाली हेही मला आत्यांकडूनच कळलं. असो, भांडायला लिहीत नाही.

पप्पा तुझ्यासमोर म्हणणार नाहीत, पण काल उपासना सुटल्यावर पायरीवर उभं राहून पंचांना सांगत होते, "पोरगं माग कामगारांच्यात मंडळी उभी करतंय." आवाज जरा मोठाच होता.

तुझं म्हणणं मला पटतं. आपल्याकडं कुठल्या बाकावर कुठलं घराणं, हे ठरलेलं. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळच्या उपासनेला येणार कधी, आणि आलाच तर बसणार कुठं? त्याच्या वस्तीत, त्याच्या वेळेला मंडळी पाहिजेच. फक्त तिथल्या जुन्या मंडळीतली चार घरं फोडून सतरंजी भरू नकोस. एका ताटातली भाकरी दुसऱ्या ताटात ठेवली म्हणून भाकऱ्या वाढत नाहीत.

पण तुझ्याबरोबर आहे कोण?

"देव आहे," म्हणालास. आहेच रे. पण बायबलात अंत्युखियाच्या मंडळीनं पौलाला सुवार्तेला धाडलं तेव्हा बर्णबाला बरोबर दिलं होतं. पुढं दोघांचं बिनसलं, तरी पौल सीलाला घेऊनच निघाला. करिंथात दीड वर्ष काढलं, तिथंही अक्विल्ला-प्रिस्किल्लाच्या घरी राहून, त्यांच्याबरोबर राहुट्या करून पोट भरलं. बघ, लागले शिकवायला. शब्बाथ शाळेची खोड, मनावर घेऊ नकोस.

आपल्या कोल्हापुरात मिशनरी वाइल्डर साहेब १८५२ ला आले. पुढं त्यांच्या अमेरिकन मिशन बोर्डानं काम बंद केलं तरी १८६१ ला परत आले, स्वतःच्या हिमतीवर. प्रेस्बिटेरियन मिशननं ते काम हाती घेतलं १८७० ला. मधली नऊ वर्षं कशी काढली असतील? पण त्यांच्या बाई होत्या ना बरोबर. तुझ्या त्या गाळ्यात संध्याकाळी शटर ओढलं की कोण?

आजोबा खेड्यावर जायचे तेव्हा पेटी सायकलच्या कॅरियरला जुन्या ट्यूबनं बांधायचे. गाठ मी मारायची, कारण माझी सुटत नसे. एकदा तापानं फणफणून शाळेच्या खोलीत पडून राहिले, घरी कळलं ते बाजाराला आलेल्या माणसाकडून. आजी बोलली काही नाही, पण पुढच्या खेपेला मामाला सायकलवर पुढं बसवूनच पाठवलं. मामा रडत गेला आणि येताना तीन भजनं पाठ करून आला! तो आज असता तर...

अर्पणाची थैली एकट्यानं मोजू नकोस. दोघांनी मोजायची, वहीत दोघांच्या सह्या. तुझ्यावर संशय नाही माझा. पण लोकांची तोंडं कोण धरणार? आणि आजारी पडलास तर उपासना कोण चालवणार? प्रश्न तोच आला बघ परत, आणि मी ठरवलं होतं एकदाच विचारायचं.

विजूला अजून विचारलं नाहीस ना? रुसलाय, पण येईल. पेटी तुझ्यापेक्षा बरी वाजवतो. आत्या नाही म्हणणार नाहीत, त्यांचं मी बघते. फोन मात्र तूच कर.

कांदा-लसूण चटणी आत्यांकडं ठेवलीय, दोघांना पुरेल एवढी. आणि माळ्यावरची जुनी शेगडी नेऊ नकोस, तिचा डावा बर्नर गळतोय.

तुझी,
आई