कांदळ लावण्याआधी भरती बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खाडीत कांदळाची, म्हणजे खारफुटीची, रोपं लावताना पाहुण्यांचे फोटो छापून येतात. आम्ही तासगावकडचे द्राक्षवाले, रोपं जगवण्यातच जन्म गेला; त्यात लेक दापोलीकडे दिलेली, म्हणून खाडीही बघण्यात आहे.

कांदळाचं बी झाडावरच रुजतं. हातभर लांब हिरवी शेंग लोंबते ना, ती शेंग नव्हे, रोपच! गळून चिखलात रुतलं तर तिथंच, नाहीतर तरंगत जाऊन कुठंतरी टेकतं. तिवर या दुसऱ्या खारफुटीचं बी बारकं. त्याची साल पाण्यात सुटते, पण मूळ धरायला भरती न पोचणारे काही दिवस मिळावे लागतात. नाहीतर पाणी उचलून नेतं.

ओहोटीला मोकळा दिसतो म्हणून पार खालचा चिखल निवडतात. तिथं रोप फार वेळ बुडून राहतं, खोडाला कवचाचे जीव चिकटतात आणि ते आडवं होतं. त्यापेक्षा बांधानं अडलेल्या भरतीला वाट करून द्यावी. जवळ जुनी झाडं असली की बी आपसूक येतं.

२०२० साली पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवृक्ष केलं, ठीकच. लावलेल्या रोपांचा आकडा छापता, तसा दोन पावसाळ्यांनंतर जगलेल्यांचाही छापावा, ही विनंती.

– एक द्राक्षबागायतदार, तासगाव (जि. सांगली)