भिगवणला येणाऱ्या सभासदांसाठी

रविवारी पहाटे आपण भिगवणला, उजनी धरणाच्या फुगवट्यावर, रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगोंचे) फोटो काढायला जात आहोत. होड्या कुंभारगावातून सुटतील. होडीवाल्या दादांना ‘थवा उठवा’ असं कुणीही सांगायचं नाही. रोहित पक्षी उथळ पाण्यात चोच उलटी धरून चिखल गाळत खात असतात. उठवलं की खाणं तुटतं आणि पाण्यावर धावत उडण्यात ताकद फुकट जाते. आपणहून उडतील तेव्हाच टिपा. शटर १/२००० सेकंद ठेवलंत तर पंखांची लाली स्वच्छ येते. कुरवांना (सीगल पक्ष्यांना) शेव-फरसाण टाकणंही बंद. लेन्स काठावरच बदला, होडीत उभं राहू नका. जाळी ओढणाऱ्या मच्छीमारांचे फोटो जरूर काढा, पण आधी विचारून. टोपी, पाणी आणि जादा बॅटरी विसरू नका.