दावा मागे घेतला, पण अपिलाचे काय?

मा. संपादक, स. न.

जमिनीच्या वादांच्या बातम्यांत ‘वादीने दावा मागे घेतल्याने प्रकरण संपुष्टात आले’ असे वरचेवर वाचायला मिळते. त्याच दाव्यातील एखाद्या आदेशाविरुद्ध वरच्या न्यायालयात अपील चालू असेल तर त्याचे पुढे काय होते, हे मात्र बातमीत येत नाही आणि पक्षकारालाही ते बहुधा उशिरा कळते.

सोलापूर जिल्ह्यात, विशेषतः शेतरस्त्याच्या व बांधकामाच्या दाव्यांत, वादी निशाणी ५ खाली, म्हणजे दाव्यासोबतच्या अंतरिम मनाईच्या अर्जावर, तूर्तातूर्त (निकाल लागेपर्यंतची तात्पुरती) मनाई मिळवतो. प्रतिवादी त्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात किरकोळ अपील (अशा अंतरिम आदेशाविरुद्धचे अपील) करतो आणि ते सुनावणीला येण्याच्या सुमारास वादी खालच्या न्यायालयात पुरसिस (पक्षकाराचे लेखी निवेदन) देऊन दावा काढून घेतो. मूळ दावाच न उरल्याने मनाई हुकूमही संपतो आणि अपील निष्फळ म्हणून निकाली निघते. हुकूम मुळात योग्य होता की नाही, याचा निर्णय होतच नाही. दरम्यान वाट बंद राहिल्याने किंवा काम थांबल्याने झालेली हानी मात्र प्रतिवादीच्या माथी राहते. ही मला सरळसरळ अन्यायाची गोष्ट वाटते.

यावर कायद्यात उपाय आहेत, पण ते मागावे लागतात. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश २३, नियम १ प्रमाणे नव्या दाव्याची परवानगी न घेता दावा सोडणाऱ्या वादीला त्याच विषयावर पुन्हा दावा करता येत नाही आणि न्यायालय त्याच्यावर खर्चही बसवू शकते. अपुऱ्या कारणांवर मनाई मिळवली असेल, तर कलम ९५ खाली प्रतिवादीला त्याच न्यायालयात अर्ज करून ५०,००० रुपयांपर्यंत भरपाई मागता येते. अर्थात त्या अर्जावर आदेश झाला की त्याच मनाईबद्दल भरपाईचा वेगळा दावा करता येत नाही, म्हणून नुकसान मोठे असेल तर वकिलांशी बोलूनच मार्ग निवडावा. अंतरिम आदेशाचा लाभ प्रकरण संपल्यावर पक्षकाराला पदरात ठेवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलेच आहे.

हुकूमनाम्यानंतरची, म्हणजे दाव्याचा अंतिम निकाल लागल्यानंतरची, स्थिती निराळी आहे. हरलेल्या वादीने अपिलात जाऊन तेथे दावाच मागे घेऊ म्हटले, तर खालच्या निकालाने प्रतिवादीला मिळालेला हक्क पुसला जाईल. म्हणून १९९९ आणि २००० च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने अशी मुभा सहजासहजी देऊ नये असे बजावले आहे. प्रतिवादीचा प्रतिदावा (त्याच दाव्यात त्याने वादीविरुद्ध केलेली मागणी) असेल तर तो वादी निघून गेला तरी चालतो, आणि भाऊबंदांच्या वाटपाच्या दाव्यात एखाद्या प्रतिवादीला वादीच्या जागी येण्याची विनंती त्याच आदेश २३ च्या नियम १-अ मुळे करता येते. वाटपाच्या दाव्यांत हा नियम फार उपयोगाचा आहे, तरी तो फारसा कोणी वापरताना दिसत नाही.

१८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्याची उच्च न्यायालयातील प्रकरणे कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे (मुंबई उच्च न्यायालयाच्या तेथील खंडपीठाकडे) जात असल्याने मुंबईची खेप वाचली, हे चांगलेच झाले. परंतु मनाईच्या अपिलावरील आदेशाविरुद्ध तिथवर पोहोचलेली रिट याचिकाही खालच्या एका पुरसिसने निष्फळ ठरू शकते. म्हणून पुरसिस दाखल होताच प्रतिवादीने खर्चाची मागणी लेखी नोंदवावी, मनाई संपल्याचा स्पष्ट उल्लेख आदेशात करून घ्यावा आणि त्याची नक्कल अपिलात हजर करावी. वकील संघाने तालुक्याच्या ठिकाणी पक्षकारांना हे समजावून सांगावे, आणि अशा बातम्यांत अपिलाचे काय झाले याची एक ओळ आपल्या दैनिकानेही द्यावी, ही विनंती.

— एक वाचक, सोलापूर