दावा मराठीत, आकडे इंग्रजीत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शाळा उघडल्या की एसटी स्टँडच्या भिंतीपासून किराणा दुकानाच्या शटरपर्यंत लेकरांची उंची वाढवणाऱ्या पावडरी आणि ‘पौष्टिक’ बिस्किटे झळकू लागतात. जाहिरात असते मराठीत. दावा कशाच्या बळावर केला आहे हे सांगणारा तक्ता मात्र पाकिटाच्या पाठीवर, मोहरीएवढ्या इंग्रजी अक्षरांत. वेष्टनावरचा मजकूर इंग्रजी किंवा हिंदीत असला की नियम पाळला गेला. मराठीची सक्ती नाही. हिंगोली-परभणीकडच्या खेड्यातल्या आईने तो वाचायचा कसा?

दुधात घालायच्या पावडरीचेच पाहा. ‘एका कपात भरपूर प्रथिने’ या वाक्याशेजारी एक फुली असते आणि तळाशी बारीक टीप, की हा हिशेब दुधासह आहे. समजा डब्यावर १०० ग्रॅममागे प्रथिने ७ ग्रॅम आणि साखर ३५ ग्रॅम लिहिली आहे. २० ग्रॅम पावडरीतून प्रथिने मिळतात १.४ ग्रॅम आणि साखर ७ ग्रॅम. त्याच कपातले २०० मिलिलिटर दूध एकटे सहा ग्रॅमच्या वर प्रथिने देते. म्हणजे कमाई दुधाची आणि नाव पावडरीचे. मूठभर, साधारण २० ग्रॅम, भाजलेल्या शेंगदाण्यांत पाच ग्रॅम प्रथिने असतात. दिवसातून दोनदा पावडर दिली तर लेकराच्या पोटात सुमारे तीन चमचे साखर जाते, आणि तीही आरोग्याच्या नावाखाली. अशा माल्ट किंवा दुधाच्या पेयांना ‘हेल्थ ड्रिंक’ या गटात विकू नका, असे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना बजावले, कारण ‘हेल्थ ड्रिंक’ ही संज्ञाच कायद्यात नाही. गावातल्या दुकानदाराच्या तोंडी मात्र तोच शब्द अजून आहे.

‘मल्टिग्रेन’ बिस्किटांवर ज्वारीचे कणीस छापलेले असते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने देणे बंधनकारक आहे. म्हणून पहिली तीन नावे वाचावीत. ती बहुधा मैदा, साखर, पामतेल अशीच निघतात. शिवाय ज्या घटकाचे नाव किंवा चित्र ठळकपणे मिरवले आहे, त्याचे प्रमाण टक्क्यांत द्यावेच लागते. तिथे ‘ज्वारी ५ टक्के’ असेल, तर १०० ग्रॅमच्या पुड्यात ज्वारी पाच ग्रॅम. एका भाकरीला ६० ते ७० ग्रॅम पीठ लागते आणि ज्वारीत १०० ग्रॅममागे जवळपास १० ग्रॅम तंतू असतात. ज्या मुलुखात घरोघरी भाकरी थापली जाते, तिथे ज्वारीच्या नावावर मैदा खपवला जातो, याचा संताप येतो.

तेलाच्या डब्यावरचे ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ वाचून कुणी जादा पैसे मोजू नयेत. कोलेस्टेरॉल फक्त प्राणिजन्य पदार्थांत असते. करडई, शेंगदाणा, सोयाबीन, कुठल्याच वनस्पती तेलात ते नसते. पामतेलातही नसते, पण पामतेलातली जवळपास निम्मी चरबी संपृक्त, म्हणजे हृदयाला न मानवणारी असते. गुळाच्या बिस्किटांबद्दल एवढेच, की गूळसुद्धा मुख्यतः साखरच आहे. मधुमेहींनी ‘शुगर फ्री’ पाकिटाच्या यादीत माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर) शोधावे. तक्त्यात ते साखरेच्या ओळीत मोजले जात नाही, रक्तातली साखर मात्र वाढवते.

सर्वांत घातक प्रकार ओआरएसच्या, म्हणजे जुलाबात पाण्यात मिसळून देतात त्या साखर-क्षारांच्या पुडीच्या, नावाचा होता. खऱ्या ओआरएसमध्ये एक लिटर पाण्याला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. नावात ओआरएस मिरवणाऱ्या गोड पेयांत लिटरला १०० ग्रॅमच्या आसपास साखर असे. एवढी साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब थांबण्याऐवजी वाढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राधिकरणाने अशा पेयांना हे नाव वापरण्यास मनाई केली. तरीही टँकरच्या पाण्यावर उन्हाळा काढणाऱ्या आपल्या गावांत औषध दुकानातून ओआरएस घेताना पुडीवर वरचे चार घटक आहेत का, ते पाहावे.

२०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार जाहिरातीतली टीप दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टाइपात असली पाहिजे. आपल्याकडे येणाऱ्या जाहिरातींना ही कसोटी लावावी, अशी आमची आपणांस आग्रहाची विनंती आहे. फुली असेल तर तिचा खुलासा मराठीत आणि दाव्याइतक्याच अक्षरांत नसेल, तर ती जाहिरात परत पाठवावी. वाचकांनी जाहिरातीचा तारखेसह फोटो, पाकिटाच्या दोन्ही बाजू, बॅच क्रमांक आणि १४ अंकी परवाना क्रमांक टिपून ठेवावा. तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर किंवा जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात करता येते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पाकीट फेकून देऊ नये. तोच पुरावा असतो.

आपले,
आहारशास्त्राचे काही शिक्षक, परभणी