नांगर ओळखणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगितलं असतं तर "आभार वगैरे काही नको" म्हणत तुम्ही फोन ठेवून दिला असता. म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

पणजोबांच्या धाकट्या भावाची चार मोडी पत्रं वाचून घ्यायला मी तुमच्याकडे आले, तेव्हा त्यातल्या एकाला मोठ्या हौसेने सेलोटेप लावलेली होती आणि बाकीची लॅमिनेट करायला टाकायचा विचार होता. तुम्ही आधी पिशवीच स्वतःकडे ओढून घेतलीत. नंतर जे बोललात ते इथे लिहीत नाही.

पहिल्या महायुद्धात ते "बसऱ्याला गेले आणि लढाईत पडले" (बसरा म्हणजे तेव्हाच्या मेसोपोटेमियातलं, आजच्या इराकमधलं बंदर), यापलीकडे आमच्या घरात कुणाला काही ठाऊक नव्हतं. हो, अक्षर मात्र मोत्यासारखं! त्या अक्षराचं नाव घेऊन माझ्या वडिलांनी लहानपणी मार खाल्लेला आहे. तुम्ही चारही कागद शेजारी शेजारी मांडलेत आणि म्हणालात, "ही तीन वेगळ्या माणसांची अक्षरं आहेत." पलटणीत लिहिता येणारा जो भेटेल त्याच्याकडून पत्र लिहून घ्यायचं, अशी तेव्हाची रीत. मग तळाशी ज्याला आम्ही शाईचा डाग समजत होतो त्यावर भिंग धरलंत. एक लांब रेघ, तिला जोडलेली तिरकी, टोकाला फाळ. निशाणी नांगर. सही न येणाऱ्या कुणब्याने कागदावर काढायची खूण. चारही कागदांवर तोच नांगर, फक्त शेवटच्याचा फाळ घाईत ओढलेला. घराण्याचं मोत्यासारखं अक्षर त्या दुपारी गेलं. वडिलांना सांगितलं, तर ते आधी हसले, मग भिंग काही हातातून सोडेनात.

त्याआधीचा माझा उपद्व्यापही तुम्हाला माहीत आहे. खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत मी एक अख्खा रविवार दगडांवरची नावं वाचत फिरले होते. ती थडगी दुसऱ्या महायुद्धातली, आणि १९१४–१८ चं तिथलं स्मारक हिंदुस्थानात वारलेल्यांचं. "मेसोपोटेमियात गेलेला माणूस खडकीत कसा सापडेल? आणि अग्नी देणाऱ्यांचं थडगं कुठलं शोधतेस?" हे तुमचे दोन प्रश्न मला कुणी आधी विचारले असते तर उन्हाचे चटके वाचले असते.

मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. "तीर्थरूप वडिलांचे सेवेशी"पासून "कळावे"पर्यंतचा मजकूर मला एकच लांब दोरा वाटत होता. तुम्ही तो उलगडलात, आणि तिसऱ्या पत्रात ती ओळ निघाली: पत्रावर नंबर घालावा, नुसते नाव घातल्यास दुसऱ्यास जाते, आमचे पलटणीत या नावाचे तिघे आहेत. नंबर पुढे लिहिलेला होताच.

तो नंबर नसता तर मी अजून चाचपडतच बसले असते. महायुद्धांत गेलेल्या सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत ११७ व्या मराठा पलटणीत त्या नावाचे खरोखरच एकाहून अधिक शिपाई आहेत. आमचे कोणते ते नंबरावरून कळलं. स्मरणस्थळ, बसरा मेमोरियल. तिथल्या भिंतीवर अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या. वाचून मी चिडले होते. तुम्ही शांतपणे "मग तारीख बघ" म्हणालात.

तारीख १९१६ च्या दसऱ्याच्या सुमाराची. सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर ११७ वी पलटण टायग्रिस नदीकाठच्या कूत गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. ७ डिसेंबर १९१५ पासूनचा तो वेढा २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने संपला. म्हणजे ते लढाईत पडले नव्हते. तुर्कांच्या कैदेत पाच-सहा महिने जगले होते. कैद्यांमधल्या हिंदी शिपायांपैकी पुष्कळांना चालवत नेऊन सीरियातल्या रास अल-ऐनला रेल्वेच्या कामावर लावलं होतं. आमचे तिथवर पोचले की वाटेतच गेले, ते नोंदीत नाही. पत्रं का थांबली एवढं मात्र उमगलं. पणजीने पुढे कित्येक वर्षं पोस्टमनची वाट पाहिल्याचं आत्या सांगते.

तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. घेतलीत ती फक्त झेरॉक्स, विद्यार्थ्यांना सरावाला.

एक तक्रार आहे. शेवटच्या पत्रात "घरची", मग किडीने खाल्लेलं भोक, मग "विकू नये". आम्ही किती गळ घातली तरी तुम्ही तो शब्द भरला नाहीत. काका म्हणतात बैलजोडी, आत्या म्हणते गाय, आणि दिवाळीत यावरून दोघांची चांगलीच जुंपली. वाचनाची स्वच्छ प्रत सोबत पाठवते आहे. ती जागा कोरी ठेवली आहे.

तुमची,
सेलोटेपवाली