कॉलेजचा बास्केटबॉल घरोघरी पोचवा

मा. संपादक,

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांत आता मित्रमंडळी बास्केटबॉलचे सामने मोबाइलवरून थेट दाखवू लागली आहेत. उत्साह दांडगा, पण प्रेक्षक पाच मिनिटांत निघून जातो. कारण साधे आहे: स्कोअर दिसत नाही. मधूनच जोडल्या गेलेल्याला कोण पुढे आहे तेच कळत नाही. स्कोअरबोर्ड चौकटीत घ्या, नाहीतर स्क्रीनवर आकडे टाका.

फोन आडवा, स्टँडवर, मध्यरेषेसमोर, दहा-बारा फूट उंचीवर हवा. बास्केटखाली उभे राहून काढलेल्या चित्रणात २८ मीटरचे मैदान कधीच मावत नाही. उघड्या, दक्षिणोत्तर मैदानावर पश्चिमेची बाजू धरा, म्हणजे संध्याकाळचे ऊन लेन्सवर येत नाही. आपल्याकडच्या उन्हात चार्जिंगला लावलेला फोन तापून बंद पडतो. कव्हर काढा, सावली करा, दुसरा फोन तयार ठेवा. समालोचन मराठीत करा, अधूनमधून अहिराणीतही चालेल. पण २४ सेकंदांचा नियम (चेंडू ताब्यात आल्यावर तेवढ्या वेळात बास्केटकडे फेक करायलाच हवी) आणि फाऊल का दिला, एवढे सांगाच.

दहा मिनिटांचे चार क्वार्टर, मधली विश्रांती धरून दीड तासात सगळे आटोपते. सत्काराची भाषणेच लांबतात! सामना संध्याकाळी ठेवा, वेळ आदल्या दिवशी जाहीर करा.

वृत्तपत्राला नुसते ‘अमुक संघ विजयी’ कळवू नका. क्वार्टरनिहाय गुण, खेळाडूचे पूर्ण नाव, गाव आणि वैयक्तिक गुण रात्री आठच्या आत पाठवा. अमळनेर-शहाद्याच्या मुलीचे नाव छापून आले की पुढच्या सामन्याला तिची गल्ली येते.

– एक बास्केटबॉलप्रेमी, जळगाव