अभ्यासिकेचा संगणक सुरू करून देणाऱ्या भाऊ-ताईंचे आभार

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या अभ्यासिकेतला लिनक्सचा संगणक ग्राफिक्स ड्रायव्हर टाकल्यावर नुसता काळा पडदा दाखवत होता. ओळखदेख नसताना तुम्ही फोनवर सोबत बसलात. ग्रबमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या निवड-पडद्यावर, ‘ई’ दाबून, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ (ग्राफिक्स ड्रायव्हरवर न विसंबता साधा पडदा दाखवायचा पर्याय) लिहायला लावलंत, अन् पडदा उजळला. खरं कारण पुढे सापडलं: सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी सुरक्षा, चालू होतं, त्यामुळे ओळखीची सही नसलेलं ड्रायव्हरचं मॉड्यूल कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आत घेतच नव्हता. भाऊ म्हणाले, “ते बंद नका करू, सहीची किल्ली नोंदवा.” फार मोलाचा सल्ला! रीस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ (किल्ली नोंदवा) निवडलं, पासवर्ड दिला, अन् चालू मॉड्यूल दाखवणाऱ्या ‘एलएसमॉड’च्या यादीत ड्रायव्हर आला. मधे लाइन गेली, तरी ताई, तुम्ही थांबलात. आमच्या पोरी आता त्यावर ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर शिकताहेत. मनापासून आभार!